आग बाहेर, पाणी आत

जून महिना लागला की क्यूरपीप आणि वाक्वाच्या पठारावरील घरांची रूपे बदलतात. दुपार कलताच खिडक्या लावून घेतल्या जातात, दाराखालच्या फटीत जुने कापड दाबले जाते, वर्षभर पेटीत पडलेल्या रजया बाहेर निघतात. युरोपातून आलेल्या पाहुण्याला आपल्या या थंडीचे हसू येते. पण रात्री पारा तेरा-चौदा अंशांवर उतरावा, वर बारीक पावसाची झड लागावी आणि वाळत घातलेले कपडे तीन दिवस वाळू नयेत, अशी ही दमट थंडी म्हाताऱ्या माणसांच्या हाडांत शिरते. क्यूरपीपला दोनच ऋतू, एक लहान पावसाचा आणि दुसरा मोठ्या पावसाचा, अशी थट्टा बेटावर उगाच केली जात नाही.

या दिवसांत घरोघरी ऊब शोधली जाते, आणि ते अगदी योग्य आहे. आज आम्ही लिहीत आहोत ते या ऊबेविरुद्ध नव्हे. ऊब देणारा विस्तव घरात कोठे ठेवावा, एवढ्याच प्रश्नाविषयी आम्हाला आमच्या वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय साधा वाटेल, पण त्यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात गेल्या हिवाळ्यात घडलेली गोष्ट सांगतो. घर पठारावरचेच. शाळेत जाणारी मुलगी संध्याकाळी आंघोळीस गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, पण मुलगी बाहेर येईना. आजीने दोनदा हाका मारल्या, मग दार ठोठावले. उत्तर नाही. दार जोर लावून उघडले तेव्हा मुलगी जमिनीवर पडलेली होती. बाहेर ओसरीवर आणून निजवल्यावर थोड्या वेळाने तिने डोळे उघडले; डोके फार दुखते म्हणाली, एकदा उलटी झाली. त्या दिवशी तिचा उपवास होता. पोटात काही नाही म्हणून घेरी आली असेल, असे सर्वांनी धरले. कोणी दृष्ट काढली, कोणी लिंबूपाणी दिले. तीन दिवसांनी तिच्या धाकट्या भावाला त्याच न्हाणीघरात घेरी आली. त्याने उपवास केलेला नव्हता. तेव्हा कोठे घरच्यांची नजर भिंतीवर टांगलेल्या गॅसच्या गीझरकडे गेली.

दोन्ही मुले आज सुखरूप आहेत. पण आजीची हाक पाच-दहा मिनिटे उशिरा गेली असती तर आज आम्ही हा लेख कोणत्या शब्दांत लिहिला असता, याची कल्पना करवत नाही.

फ्रेंचमध्ये ज्याला शोफ-ओ म्हणतात ते हे गॅसचे यंत्र आज बेटावर अनेक घरांत आहे. ते स्वस्त पडते, बटण दाबताच गरम पाणी देते, आणि गॅसच्या बाटल्याची किंमत सरकार आटोक्यात ठेवत असल्यामुळे विजेपेक्षा ते परवडते. गरीब कुटुंबाने ते का घेऊ नये? अवश्य घ्यावे. मात्र ते घेताना एक गोष्ट आपण विसरतो. त्या पांढऱ्या, चकचकीत पेटीच्या आत काय आहे? आत आहे एक शेगडी, आणि तीही स्वयंपाकाच्या शेगडीहून कितीतरी मोठी. स्वयंपाकघरातली शेगडी उचलून न्हाणीघरात नेऊन पेटवा, दारे-खिडक्या लावा आणि तिच्याजवळ आंघोळ करा, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण तीच शेगडी पत्र्याच्या पेटीत घालून भिंतीवर टांगली की आपण बिनधास्त कडी लावून घेतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. एक किलो गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारे साधे गीझर पाव तासात जवळजवळ पाव किलो गॅस जाळते. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला त्या ज्योतीस सुमारे ३ घनमीटर हवा हवी. आता आपले न्हाणीघर मोजा. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, अडीच मीटर उंच असे असेल तर त्यात एकूण हवा साडेसात घनमीटर. खिडकी बंद, दार बंद, आणि आत एक माणूस श्वास घेत उभा. एकामागून एक चौघांनी आंघोळ केली, तर चौथ्याच्या वाट्याला कसली हवा उरते?

हवेतला प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत नीट जळत नाही. नीट न जळलेल्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघू लागतो, आणि हवा जसजशी बिघडत जाते तसतसे त्याचे प्रमाण झपाट्याने वाढत जाते. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. लाकडाचा धूर निदान माणसाला खोकायला लावून बाहेर तरी हाकलतो. हा वायू माणसाला गुपचूप झोप आणतो.

येथे एका गैरसमजाबद्दल स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुष्कळ गृहिणी म्हणतात, "गॅस गळला तर वास येतोच की! मग भीती कसली?" वास येतो हे खरे, कारण गळती कळावी म्हणून बाटल्यातील गॅसमध्ये वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. पण ते द्रव्य गॅसबरोबर जळून जाते. न जळलेल्या गॅसला वास असतो. अर्धवट जळलेल्या गॅसपासून झालेल्या विषाला नसतो. म्हणून नाकावर भरवसा ठेवून चालणार नाही.

हा वायू शरीरात काय करतो? आपल्या रक्तातील तांबडा पदार्थ, हिमोग्लोबिन, फुप्फुसातून प्राणवायू उचलून साऱ्या शरीराला पोचवतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. गाडीतल्या जागा आधीच कोणी अडवून बसावे आणि खऱ्या प्रवाशाने फलाटावरच राहावे, तसा हा प्रकार. छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते. आपल्या शाळांतून ज्यांच्या कादंबऱ्यांची ओळख करून दिली जाते ते लेखक एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील राहत्या घरी याच वायूने मृत्युमुखी पडले. चिमणी नीट वाहत नव्हती आणि शयनगृहात रात्रभर विस्तव होता. तेव्हा हा प्रश्न अडाण्यांचा किंवा गरिबांचाच आहे, असे कोणी समजू नये.

मग आपल्या आजी-पणजींनी आयुष्यभर लाकूडफाटा आणि कोळसा जाळला, त्यांना काही झाले नाही ते कसे, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की त्यांनाही पुष्कळ काही झाले. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती अकाली गेलेल्या कितीतरी स्त्रिया आपल्या वाडवडिलांच्या घरांत होऊन गेल्या. तेव्हा त्याला नाव नव्हते, इतकेच. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ती घरे वेगळी होती. लाकाझ लापाय, म्हणजे गवताने शाकारलेले घर, हे स्वतःच श्वास घेत असे. भिंतीतून वारा येई, छपरातून धूर जाई. चूल बहुधा मागच्या पडवीत किंवा वेगळ्या खोपटात असे. आणि आंघोळीचे पाणी? ते अंगणातल्या चुलीवर तापे आणि बादलीतून न्हाणीघरात येई. आग बाहेर राही, पाणी आत येई.

१९६० च्या आरंभी आलेल्या अलिक्स आणि कॅरोल या दोन वादळांनी ती घरे होत्याची नव्हती केली. त्यानंतर बेटाने सिमेंट-काँक्रीटची घरे बांधली, आणि १९७५ च्या जर्व्हेज वादळाने त्या निर्णयाचे शहाणपण पटवून दिले. सपाट स्लॅब, पक्क्या भिंती, घट्ट बसणाऱ्या काचा. वारा आत येऊ नये म्हणूनच ही घरे बांधली गेली, आणि ती आपले काम चोख करतात. पण ज्या घरात वारा शिरत नाही त्या घरातून दूषित हवाही बाहेर पडत नाही. घर बदलले, विस्तवाशी वागण्याची आपली रीत मात्र बदलली नाही. उलट, जी आग आजी अंगणात ठेवीत होती ती आपण घराच्या सर्वांत लहान आणि सर्वांत बंद खोलीत नेऊन टांगली. आमच्या मते सारे संकट या एका चुकीत आहे.

चाकांवर फिरणाऱ्या गॅसच्या हीटरचीही तीच कथा. बैठकीच्या किंवा निजण्याच्या खोलीत तो लावला जातो. त्याला चिमणी नसते, नळी नसते. जे काही जळते त्याचे सारे अवशेष खोलीतच राहतात. यांतील काही हीटरमध्ये प्राणवायू फार कमी झाला की आपोआप विझण्याची सोय असते, आणि ती चांगलीच आहे. पण ती सोय प्राणवायू मोजते, विष मोजत नाही. शिवाय ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो, तो दम्याच्या रोग्यांना आणि लहान मुलांच्या छातीला त्रास देतो. आणखी एक गंमत पाहा. एक किलो गॅस जळला की त्यातून दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे ओल घालवण्यासाठी आपण हीटर लावतो आणि तो खोलीत बादलीचा तळ भरेल एवढे पाणी ओततो. सकाळी भिंतींना सुटलेला घाम आणि कपाटामागे चढलेली काळी बुरशी काही केवळ क्यूरपीपच्या पावसाची देणगी नव्हे.

कोळशाची शेगडी तर सर्वांत वाईट. बाळंतिणीला शेक देण्यासाठी किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खाटेखाली धगधगता विस्तव ठेवून दार लावून घेण्याची रीत काही घरांत अजून आहे. कोळसा लाल झाला, धूर थांबला, म्हणजे आता धोका नाही असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. धूर न करणारा निखाराच हा वायू सर्वांत अधिक सोडतो. उत्तर भारतात दर थंडीत बंद खोलीत अंगीठी पेटवून निजलेली माणसे सकाळी न उठल्याच्या बातम्या येतात, आणि महाराष्ट्रातील शहरांतून न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या. आपली मुले शिक्षणासाठी पुण्यास जातात, भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांना निरोप देताना इतर उपदेशाबरोबर हाही एक शब्द सांगावा, अशी पालकांना आमची विनंती आहे.

वादळाच्या दिवसांतही हाच धोका वेगळ्या रूपात येतो. तिसरा इशारा झाला की आपण खिडक्यांना फळ्या ठोकतो आणि घर पेटीसारखे बंद करतो. वीज गेली की कोणी आतच कोळसा पेटवतो, कोणी जनरेटर ओसरीत किंवा गॅरेजमध्ये चालवतो. जनरेटर हे मोटारीचेच यंत्र आहे. त्याचा धूर दाराच्या फटीतून आत येण्यास वेळ लागत नाही. वारा ओसरेपर्यंत जनरेटर बंद असावा, आणि नंतर तो घरापासून दूर, उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून लांब चालवावा. २०२४ च्या जानेवारीतील बेलाल वादळ आपण पाहिले आहे. पुढचे येणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

आता करावे काय? उपाय अवघड नाहीत.

पहिला आणि खरा उपाय एकच: गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत, पावसापासून आडोसा करून बसवावे आणि नळाने पाणी आत आणावे. थोडी नळी अधिक लागेल, कारागिराची मजुरी थोडी अधिक होईल. एका बाटल्याच्या किमतीशी किंवा एका लग्नाच्या आहेराशी तुलना केली तर हा खर्च मोठा नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवण्याचे यंत्र घ्यावे. आपल्या बेटाला ऊन कमी नाही, आणि यासाठी अनुदानाच्या योजनाही सरकारने वेळोवेळी काढल्या आहेत.

ज्यांना आज काहीच बदलता येत नाही, भाड्याच्या घरात जे राहतात, त्यांनी आजीची रीत धरावी. न्हाणीघराचे दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या गरम पाण्याने भराव्यात, गीझर बंद करावे, थोडा वेळ हवा खेळू द्यावी, आणि मग दार लावून आंघोळ करावी. विस्तव विझलेला असला म्हणजे बंद दाराचे भय नाही. एकाच्या आंघोळीनंतर लगेच दुसऱ्यासाठी बंद खोलीत गीझर चालू करू नये. आतून घट्ट कडी लावण्याचा हट्ट मुलांना करू देऊ नये. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली किंवा भांड्याला, पेटीला काजळी धरू लागली तर त्याच दिवशी जाणत्या कारागिराला बोलवावे. मात्र ज्योत निळी आहे म्हणून बंद खोली सुरक्षित झाली असेही मानू नये. गॅसचा हीटर किंवा शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारी लहान यंत्रेही मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी एक अवश्य घ्यावे.

लक्षणे ओळखणे तितकेच महत्त्वाचे आहे. डोकेदुखी, मळमळ, घेरी, पायांतले बळ जाणे, बोलण्यात गोंधळ. ताप नसताना फ्लूसारखे वाटणे. घरातल्या दोघातिघांना एकदम त्रास होणे, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेले की बरे वाटणे. ही शेवटची खूण विसरू नये. गरोदर स्त्रिया, पोटातले मूल, हृदयाचे रोगी आणि रक्त कमी असलेली माणसे यांना धोका अधिक, आणि हृदयरोग आपल्या बेटावर किती घरांत आहे हे सांगणे न लगे.

असे काही दिसताच आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसाला बाहेर आणावे, गॅस बंद करावा आणि ११४ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना "गीझर चालू होते" किंवा "शेगडी पेटलेली होती" हे आवर्जून सांगावे, कारण त्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते. साध्या हवेत रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तासा-दीड तासात ते निम्मे होते. कोविडच्या काळात पुष्कळ घरांनी बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेतले. त्यावर या बाबतीत मुळीच विसंबू नये. ते यंत्र रक्तातला प्राणवायू आणि हे विष यांत फरक करू शकत नाही. रोगी अत्यवस्थ असतानाही ते सारे ठीक असल्याचे आकडे दाखवू शकते.

हे सारे प्रत्येक कुटुंबाने एकेकट्याने करावे, एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. घरमालकाने भाडेकरूला दिलेल्या घरातील गीझर कोठे आहे हे स्वतः पाहावे. भाडे घेणाऱ्याची ही जबाबदारी आहे. विकणाऱ्या दुकानदाराने पेटी हातात देताना ती बाहेर बसवण्याविषयी बजावून सांगावे, आणि बसवणाऱ्या कारागिराने गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी बंद न्हाणीघरात ती टांगण्यास नकार द्यावा. सरकारनेही याबाबत स्पष्ट नियम ठेवून त्यांची तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. नियम कागदावर असणे आणि न्हाणीघरात दिसणे यांत अंतर असते.

आणि आपल्या मंडळ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. गणेश चतुर्थी जवळ येत आहे. थंडी अजून सरलेली नसते, घरोघरी पाहुणे येतात, पहाटे पूजेच्या आधी एकामागून एक दहा जणांच्या आंघोळी उरकायच्या असतात. गीझर सर्वांत अधिक वेळ जळते ते नेमके या दिवशी. आरतीनंतर सारे जमलेले असताना कोणा डॉक्टरने, शिक्षकाने किंवा अग्निशमन दलात काम करणाऱ्या बांधवाने पाच मिनिटे या विषयावर बोलावे. मंडळीतल्या तरुणांनी आपापल्या गावातील म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन गीझर कोठे आहे, खिडकी उघडते की रंगाने चिकटून बसली आहे, एवढे पाहून यावे. ही सेवा लहान नाही.

वाचकहो, ज्या आजीने वेळेवर हाक मारली तिला कार्बन मोनॉक्साइड हे नावही ठाऊक नव्हते. नात बाहेर का येत नाही, एवढीच काळजी तिला होती. त्या घरातले गीझर आता मागच्या भिंतीवर, बाहेर आहे. जुने भोक सिमेंटने बुजवले होते, ते आजीने पुन्हा फोडायला लावून तेथे जाळी बसवून घेतली. हवा खेळती राहू दे, म्हणाली.

आज संध्याकाळी आंघोळीस जाण्यापूर्वी आपल्याही भिंतीकडे एकदा पाहा. आग कोठे आहे, बाहेर की आत? आत असेल तर निदान खिडकी उघडा, आणि या आठवड्यात कारागिराला बोलावणे पाठवा.